पागडीची खोली आणि खात्यातले गेम

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करण्याची वेळ आली, तेव्हा खोलीतले सामान बांधण्याचे काम माझ्याकडे आले, कारण दादा बारा वर्षांपासून पुण्यात आहे आणि आई-बाबा दोघेही आता नाहीत. पोटमाळ्यावरून बाबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली, तेव्हा तिच्यात भाडेपावत्या निघाल्या. १९७४ पासूनच्या, प्रत्येक वर्षाचा गठ्ठा वेगळा, गठ्ठ्याला सुतळी, आणि सर्वांत वरच्या पावतीवर बाबांच्या अक्षरात वर्ष. आमची खोली पागडीची होती. आजोबांनी मालकाला एकरकमी मोठी रक्कम देऊन ती घेतली आणि पुढे दरमहा नाममात्र भाडे भरले जात राहिले. ती पूर्ण अर्थाने आमची कधीच नव्हती, पण ती आमच्याकडून कोणाला सहज काढूनही घेता येत नव्हती. मालकाला त्याचा ठरलेला वाटा दिला की ती दुसऱ्याच्या नावावर करता येत होती, आणि घरातल्या माणसामागे घरातल्याच दुसऱ्या माणसाच्या नावे पावती होत होती. मालकी आणि भाडेकरार यांच्या मधली ही अवस्था या शहराने आधी वापरातून घडवली आणि नंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ने पागडीच्या देवघेवीला मान्यता दिली. एखाद्या महिन्याची पावती यायला उशीर झाला तर बाबा अस्वस्थ होत. ते सांगत की आपण इथे राहतो हे आपल्याला ठाऊक असून उपयोग नाही, ते कागदावर असले पाहिजे.

त्या पावत्यांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, एका कॉम्प्युटर गेमचे खोके होते. ते दादाने आणि मी २००६ च्या दिवाळीत लॅमिंग्टन रोडवरून आणले होते. किंमत ९९९ रुपये. त्यातले चारशे माझ्या ओवाळणीचे आणि उरलेले दादाच्या शिकवणीच्या कमाईतले. तोवर आमच्याकडे आलेले सगळे गेम कोणाकडून तरी उतरवून घेतलेल्या, वर मार्करने नाव लिहिलेल्या सीड्यांवरचे होते. हा पहिला बिलासकट घेतलेला गेम, म्हणून बाबांनी तो पावत्यांच्या ट्रंकेत ठेवला असणार. त्यांनी ते खोके कधी उघडूनही पाहिले नसेल, पण बिल असलेली वस्तू कुठे ठेवायची हे त्यांना पक्के माहीत होते.

त्या रात्री डिस्क घातल्यावर समजले की गेम सुरू करण्यासाठी आधी इंटरनेटवर खाते उघडावे लागेल आणि खोक्यातल्या पुस्तिकेच्या मागे छापलेली सीडी की, म्हणजे त्या प्रतीचा अक्षरे आणि अंकांचा वेगळा क्रमांक, त्या खात्यात भरावी लागेल. ही पद्धत तेव्हा नवीनच होती. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या हाफ-लाइफ २ या गेमने, दुकानातून डिस्क विकत घेणाऱ्यालाही स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खाते उघडायला लावले होते आणि पुढे अनेक कंपन्या त्याच वाटेने गेल्या. आमचे खाते कोणत्या कंपनीत होते हे सांगण्याची गरज नाही, कारण या बाबतीत बहुतेकांचे नियम एकमेकांसारखेच आहेत. खाते दादाच्या नावावर उघडले. ईमेल दिला तो आमच्या ब्रॉडबँड कंपनीने जोडणीबरोबर फुकट दिलेला आणि मोबाइल क्रमांक दादाचा. सीडी की भरली आणि त्या क्षणी खोक्यातली डिस्क ही वस्तू न राहता केवळ खात्यात शिरण्याचे निमित्त झाली. आम्हाला ते कळले नाही. आम्ही दोघे आळीपाळीने पहाटेपर्यंत खेळत बसलो होतो.

पुढच्या अठरा वर्षांत त्या खात्यात २१४ गेम जमले. सुरुवातीचे दादाचे, मधल्या काळातले दोघांचे आणि गेल्या दहा वर्षांतले बहुतेक माझे. लग्नानंतर दादाचे खेळणे कमी झाले आणि माझे वाढले. नोकरीवरून आल्यावर, खोलीत एकटीच असताना, रात्री तासभर त्यातल्या एखाद्या जगात हिंडणे हा माझा विसावा होता आणि आईच्या आजारपणात तो माझा आधारही होता. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. ज्या गोष्टीशी माणसाचा असा काळ बांधलेला असतो तिला केवळ करमणुकीची सेवा म्हणणे अपुरे आहे.

चाळ रिकामी केल्यावर मी बोरिवलीत भाड्याने राहायला गेले आणि नव्या कॉम्प्युटरवरून खात्यात शिरण्याचा प्रयत्न केला. पडद्यावर सूचना आली की हे उपकरण ओळखीचे नाही, ईमेलवर पाठवलेला सांकेतिक क्रमांक भरा. तो ईमेल देणाऱ्या ब्रॉडबँड कंपनीने आपली ईमेल सेवा केव्हाच गुंडाळली होती. दुसरा पर्याय मोबाइलचा होता, पण दादाने पुण्याला गेल्यावर तो क्रमांक सोडून दिला होता. आपल्याकडे बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर नव्या ग्राहकाला मिळू शकतो. आमचा कोणाला मिळाला हे कळायला मार्ग नव्हता, परंतु ज्याच्याकडे तो गेला असेल त्याच्या फोनवर आमच्या खात्याची किल्ली पोचत होती. गेली दहा वर्षे बहुतेक पैसे मी भरले, पासवर्ड मला पाठ होता, तरीही खात्याच्या दृष्टीने मी दारात उभी असलेली अनोळखी व्यक्ती होते.

त्याच आठवड्यात बोरिवलीच्या घराचा लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवायचा होता. मुंबईत भाड्याने राहिलेल्या प्रत्येकाला हा अकरा महिन्यांचा करार ठाऊक असतो. पानावर अंगठ्याचे ठसे आणि छायाचित्र उमटवून एजंट पुढच्या कामाला निघून जातो आणि आपण कलमे वाचत नाही. मी या वेळी वाचली. त्यात लिहिले होते की लायसेन्सीला सदर जागेत कोणताही हक्क अथवा हितसंबंध प्राप्त होणार नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२च्या ५२ व्या कलमात लायसन्सची व्याख्या आहे. एरवी जे करणे बेकायदा ठरले असते ते दुसऱ्याच्या स्थावर मालमत्तेत करण्याची परवानगी म्हणजे लायसन्स, आणि तिने मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही. त्याच कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे, करमणुकीच्या जागेच्या प्रवेशासारखा अपवाद सोडला तर, लायसन्सधारकाला आपले लायसन्स दुसऱ्याला देता येत नाही, आणि ६० व्या कलमाप्रमाणे, काही अपवाद वगळता, देणाऱ्याला ते मागे घेता येते. हा कायदा जमिनींचा आणि घरांचा आहे, गेमचा नाही. पण त्याच रात्री मी आमच्या गेमच्या खात्याची करारपत्रिका उघडली, जी मी २००६ पासून कधी वाचली नव्हती, आणि तिथेही हाच शब्द होता. गेम विकले जात नाहीत, त्यांचे लायसन्स दिले जाते. ते वैयक्तिक आहे, हस्तांतरित करता येत नाही आणि कंपनी ते संपुष्टात आणू शकते.

मला त्या रात्री जे खटकले ते नीट सांगायला हवे. बोरिवलीच्या घराबाबत मला पहिल्या दिवसापासून माहीत होते की ते माझे नाही. तिथे मी भिंतीला खिळा ठोकताना विचारते आणि अकरा महिन्यांनी काय होईल याची तजवीज करून ठेवते. गेमच्या बाबतीत मात्र बटणावर ‘खरेदी करा’ असे लिहिलेले होते. किंमत खरेदीची होती, पावती खरेदीची होती आणि मनातली भावना पागडीच्या खोलीइतकी घट्ट होती. परवानगी विकत घ्यायला माझी हरकत नाही, परंतु परवानगीला खरेदी म्हणून पैसे घेणे मला अन्यायाचे वाटते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने नेमके याच मुद्द्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्याप्रमाणे डिजिटल वस्तूसाठी ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा असेल तर हे केवळ लायसन्स आहे असे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. ज्या वस्तू कायमच्या उतरवून घेता येतात आणि इंटरनेटशिवाय वापरता येतात त्यांना या कायद्यातून सूट आहे, आणि मला ही सूट कायद्याच्या मुख्य कलमाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण मालकीची व्यवहार्य व्याख्या तिच्यात आली आहे. कायदा लागू होण्यापूर्वीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीमने पैसे भरण्याच्या पानावर अशी सूचना दाखवायला सुरुवात केली होती.

परवानगी मागे घेतली जाते तेव्हा काय होते याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘द क्रू’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे आहे. युबिसॉफ्टने तो डिसेंबर २०१४ मध्ये आणला. एकट्याने खेळायचा भागही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला होता. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि नंतर खेळाडूंच्या खात्यांतून त्याचे लायसन्सही काढून घेण्यात आले. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याकडे डिस्क राहिली, गेम राहिला नाही. त्यातून यूट्यूबवर गेमविषयी व्हिडिओ करणाऱ्या रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली आणि युरोपीय संघाकडे केलेल्या तिच्या मागणीवर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. सर्व्हर अनंत काळ चालू ठेवा, अशी मागणी कोणी केलेली नाही. सेवा बंद करताना गेम चालू शकेल अशा स्थितीत सोडून जा, एवढेच मागणे आहे. ते अशक्य नाही, हे त्याच कंपनीने त्या मालिकेतल्या दुसऱ्या गेमला पुढे ऑफलाइन सोय देऊन दाखवले.

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते आणि त्यामुळे या प्रश्नाची एक बाजू मला इतरांहून अधिक टोचते. आपल्याकडे १९५४ चा एक कायदा आहे, ज्याप्रमाणे भारतात प्रकाशित झालेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते. त्यातले एक आपल्या मुंबईतले, टाउन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय. फोर्टात गेले की मी त्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसते. एखादे पुस्तक प्रकाशकाला नकोसे झाले, आवृत्ती संपली, प्रकाशनसंस्था बंद पडली, तरी ते तिथे असावे अशी सोय कोणीतरी सत्तर वर्षांपूर्वी करून ठेवली. शिवाय विकलेली प्रत आमच्यासारख्यांच्या कपाटात, फूटपाथवर, रद्दीवाल्याकडे, माटुंग्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरत राहते, आणि आमच्याकडची कितीतरी पुस्तके अशाच फिरलेल्या प्रतींमुळे वाचली आहेत. गेमसाठी असा कायदा नाही आणि आता फिरणारी प्रतही नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास करून दाखवले की तिथे २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. त्यातले बरेचसे निदान डिस्कच्या आणि कार्ट्रिजच्या काळातले आहेत, म्हणजे कोणाच्या ना कोणाच्या ट्रंकेत सापडू शकतात. निंटेंडोने मार्च २०२३ मध्ये ३डीएस आणि वी यू या आपल्या गेम खेळण्याच्या यंत्रांसाठीची गेमची ऑनलाइन विक्री बंद केली आणि मायक्रोसॉफ्टने जुलै २०२४ मध्ये एक्सबॉक्स ३६० या यंत्राचे ऑनलाइन दुकान बंद केले. तिथे केवळ डाउनलोडच्या रूपात असलेले गेम कोणत्या ट्रंकेत शोधायचे? ऑगस्ट २०१४ मध्ये आलेला ‘पी.टी.’ हा छोटा भीतीदायक गेम एप्रिल २०१५ मध्ये ऑनलाइन दुकानातून काढला गेला, आणि नंतर ज्यांनी तो आधी उतरवला होता त्यांनाही पुन्हा उतरवता येईना.

आपल्या देशात आणखी एक जोखीम आहे आणि तिचा दोष गेम बनवणाऱ्याला देता येत नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरपासून भारतातल्या खेळाडूंसाठी तो बंद झाला. आमच्या चाळीतल्या मुलांनी खाऊच्या पैशांतून त्यात कपडे, बंदुकांची रंगरूपे घेतली होती. त्यातले काही पुढे जुलै २०२१ मध्ये आलेल्या नव्या भारतीय आवृत्तीत नेता आले, पण ती आवृत्तीसुद्धा जुलै २०२२ मध्ये अॅपच्या दुकानांतून हटली आणि मे २०२३ मध्ये परत आली. बंदीचे कारण योग्य होते की अयोग्य, या चर्चेत मी शिरत नाही. खालच्या मजल्यावरचा तेरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे येऊन विचारत होता की ताई, मी घेतलेल्या गोष्टी आता कुठे आहेत, आणि त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते.

आपला कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. खोक्यात मिळणारे तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात २००४ मध्येच म्हटले आणि २ मार्च २०२१ च्या निकालात, कागदावर लायसन्स म्हटले तरी ग्राहकाला अशी प्रत देणे ही मालाची विक्रीच ठरते, अशी भूमिका घेतली. हे दोन्ही खटले कराचे होते. सरकारला कर कोणत्या नावाखाली घेता येईल हा त्यांतला प्रश्न होता, मला माझा गेम दादाला देता येईल का हा नव्हता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये मात्र ‘अन्याय्य करार’ अशी स्वतंत्र व्याख्या आहे आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारे कलम तिच्यात बसते. गेमच्या खात्याबाबत कोणी त्या आधारे ग्राहक आयोगाकडे जावे असे मला फार मनापासून वाटते.

डिस्कच्या काळाविषयी मला आंधळे प्रेम नाही. गिरगावच्या दमट हवेत आमच्या कितीतरी सीड्यांवर बुरशीचे ठिपके पडले आणि त्या गेल्या. एका खोलीत चार माणसे राहताना २१४ खोकी ठेवायला जागा नव्हती, आणि सवलतीच्या दिवसांत दोनशे-तीनशे रुपयांना मिळालेले गेम खोक्यात कधीच त्या किमतीला मिळाले नसते. खाते असल्यामुळे कॉम्प्युटर तीनदा बदलूनही सगळे पुन्हा उतरवता आले, ही सोय खरी आहे. शिवाय आज डिस्क म्हणजे हमी असेही उरलेले नाही. जून २०२५ मध्ये आलेल्या निंटेंडोच्या स्विच २ या यंत्राच्या काही कार्ट्रिजमध्ये गेम नसतोच, केवळ तो डाउनलोड करण्याची किल्ली असते.

खाते परत मिळाले ते तेविसाव्या दिवशी. आधी कार्डाच्या व्यवहारांचे पुरावे पाठवले, पण ते माझ्या नावाचे आणि खाते दादाचे. मग दादाचे ओळखपत्र पाठवले, तर उत्तर आले की नोंदणीच्या वेळी अशी कोणतीही ओळख घेतलेली नसल्यामुळे ती जुळवता येत नाही. शेवटी सहाव्या की सातव्या उत्तरात त्यांनी विचारले की या खात्यात भरलेली एखादी छापील सीडी की आहे का. मी बोरिवलीच्या घरात ट्रंक उघडली, पुस्तिकेच्या मागच्या पानाचे छायाचित्र काढले आणि पाठवले. दुसऱ्या दिवशी दार उघडले. २१४ गेमचा माझा ताबा ९९९ रुपयांच्या एका खोक्यातल्या कागदावर सिद्ध झाला. खोके पावत्यांसोबत ठेवणाऱ्या बाबांची त्या वेळी इतकी आठवण आली की मी बराच वेळ ट्रंकेपाशीच बसून राहिले.

गेल्या गणपतीत दादा, वहिनी आणि पुतण्या चार दिवस राहायला आले, तेव्हा आम्ही दोघांनी बसून चाळीचे कागद पुरे केले. नव्या इमारतीतली जागा दोघांच्या नावे, मला राहण्याचा हक्क, दोघांचे वारस कोण. पागडीची खोली असूनसुद्धा हे सगळे दोन तासांत कागदावर आले. बँकेत नामनिर्देशन आहे, भविष्यनिर्वाह निधीत आहे, सोसायटीच्या भागदाखल्यालाही आहे. खात्यासाठी असा रकाना नाही. खाते अर्धे करता येत नाही, त्यातले माझे गेम माझ्या नव्या खात्यात हलवता येत नाहीत आणि आमच्यापैकी कोणाच्या मागे ते पुतण्याला देता येत नाही. कुटुंबात वाटून खेळण्याची सोय काही कंपन्यांनी दिली आहे, पण ती एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे आणि पुणे व बोरिवली हे एक घर होत नाही. दादा म्हणाला, “सगळे तूच ठेव, मी कुठे खेळतो आता.” मी म्हटले की ठेवू कसे, ते तुझ्या नावावर आहे. मग आम्ही नवा ईमेल घातला, माझा क्रमांक घातला, परत मिळवण्याचे सांकेतिक क्रमांक कागदावर उतरवले. नियमाच्या काटेकोर अर्थाने हेही हस्तांतरच आहे आणि ते निषिद्ध आहे, हे दोघांनाही ठाऊक होते.

आता मी शक्य तिथे गॉगसारख्या दुकानातून घेते, जिथे गेमचा पूर्ण इन्स्टॉलर उतरवून घेता येतो आणि तो चालवताना कोणालाही विचारावे लागत नाही. आधीच्या २१४ पैकी ५८ मी तिथे पुन्हा विकत घेतले, ज्यांच्याशिवाय मला करमणार नाही असे. ते दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत. एक माझ्याकडे, एक पुण्याला, आणि दोन्हींवर मी तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे.

निघायच्या दिवशी पुतण्याने ट्रंकेतले ते खोके मागितले. आत्या आणि त्याचे बाबा त्याच्या वयापेक्षा थोडे मोठे असताना जे खेळत होते ते त्याला खेळायचे होते. मी आनंदाने दिले. दादाने लॅपटॉपला बाहेरचा डिस्क ड्राइव्ह जोडला, डिस्क अठरा वर्षांनंतरही फिरली, मुलाने स्वतःचे खाते उघडले आणि पुस्तिकेवरची की एकेक अक्षर पाहून काळजीपूर्वक भरली. ही की दुसऱ्या खात्यात वापरली गेली आहे, असा संदेश आला. त्याने आणखी एकदा भरून पाहिली. मग डिस्क बाहेर काढली, पुसली, खोक्यात बसवली आणि खोके माझ्या हातात परत दिले. मी ते पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळले आणि १९७४ च्या गठ्ठ्याखाली ठेवले, कारण खाते पुन्हा कधी अडकले तर त्या पानाचे छायाचित्र लागेल.